जुनी ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर: गगनबावडा-आंबोलीच्या पावसात तीन रात्री बाहेरच्या विजेशिवाय

पंचगंगा_काठ
वापरलेली फोर्स ट्रॅव्हलर बघतोय. ३३५० व्हीलबेस, डिझेल, २०१५ चं मॉडेल, टुरिस्ट परमिटवर चाललेली. दोन माणसांसाठी आतून कॅम्पर करायची आहे. जायचं कोल्हापूरच्या आसपासच: गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट, आंबोली, तेही जून ते सप्टेंबर धरून. तीन रात्री कुठेही प्लग न लावता निघाल्या पाहिजेत.

वापर असा: ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज, १२ व्होल्टचे दोन पंखे, एलईडी दिवे, एक लॅपटॉप, दोन मोबाईल, पाण्याचा पंप. एसी नको. स्वयंपाक गॅसवर की इंडक्शनवर, ते ठरायचंय.

गाडी घेताना काय बघायचं, बॅटरी आणि सोलर किती, पाणी किती, आणि नंतर काय काय बिघडतं, या क्रमाने सांगितलंत तर बरं होईल. इंटरनेटवरचे आकडे बहुतेक परदेशी उन्हाचे आणि कोरड्या हवेचे असतात.

उद्यमनगरी
दादा, पहिला पत्रा बगा, मग इंजिन. इंजिनचं काम शिवाजी उद्यमनगरात कुठंबी हुतंय, पार्टबी मिळत्यात. गंजलेला फ्लोअर बदलायचा म्हंजे आतलं सगळं फर्निचर काढायला लागतंय.

कुठं बघायचं: दाराच्या पायरीचा खड्डा, चारी व्हील आर्च, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, छताची पन्हळ, आणि सीटच्या रेलचे बोल्ट जिथं फ्लोअरमधनं खाली जात्यात त्या जागा. मॅट उचलाय सांगा. मालक नको म्हणाला तर तीच खूण समजा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा हाय, दबका आला तर आत पापुद्रं सुटल्यात. गाडीखाली नुकताच काळा अंडरकोट मारलेला दिसला की संशय घ्या. ओल्या गंजावर मारलेला अंडरकोट गंज झाकतोय, थांबवत न्हाई.

इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करायला लावा. बॉनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी जावा. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण काढून बगा: धूर दमानं येत असंल तर चालतंय, भकाभका येत असंल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. चालवताना तिसऱ्या गिअरला चढावर दाबून बगा. आवाज वाढला पण गाडी पळंना, तर क्लच प्लेट संपली. गाडी सोडताना खालनं 'टक्' वाजलं तर जॉइंट क्रॉस, म्हंजे मागच्या एक्सलला जाणाऱ्या शाफ्टचा सांधा, गेला.

आन् एक काम फर्निचर करायच्या आधी करा. रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या. पूर्ण गाडीचं एक वजन, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरं. आरसीवरचं लेडन वेट (भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) वजा रिकाम्या पूर्ण गाडीचं वजन, एवढीच तुमची जागा. त्यात दोन माणसं, पाणी, बॅटरी, प्लाय, सगळं बसलं पायजे. बारा एमएमची एक आठ बाय चार प्लाय साधारण २५ किलोची अस्ती. चार शीट म्हंजे शंभर किलो गेलं. पेट्यांना सहा एमएम प्लाय आन् ॲल्युमिनियमचा सांगाडा वापरा.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असती. २३१९ म्हंजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीबी शिल्लक असू दे, सहा-सात वर्सांचा टायर घाटात घालू नका.

एमएच०९_कागदपत्र
कागदाचं थोडक्यात. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म ३५. परमिट सरेंडर झाल्याचा कागद, थकीत टॅक्स आणि ई-चलन नसल्याची खात्री हे पैसे देण्याआधी. नंतर कोणी फोन उचलत नाही.

सीट काढल्या की आसनक्षमता बदलते, म्हणजे आरसीवरची नोंद आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे सीटला पाना लावण्याआधी आरटीओत लेखी अर्ज, सोबत आतल्या मांडणीचं मापासह रेखाचित्र. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. काम करणाऱ्या बॉडी बिल्डरला ते माहीत आहे का, हे विचारून घ्या. आरसी बदलली की विमा कंपनीला लगेच कळवा. नोंद न बदललेल्या गाडीचा आगीचा दावा अडकतो, आणि कॅम्परमध्ये गॅस आणि बॅटरी दोन्ही असतात.

बारा_व्होल्ट
विजेचा हिशोब वॅट-तासांत करू. एप्रिलचा वेगळा, जुलैचा वेगळा.

एप्रिल, एका दिवसाचा:
फ्रीज: चालू असताना ५० वॅट, दिवसातला ४५ टक्के वेळ चालतो = ५४०
पंखे: २० वॅटचे दोन, १० तास = ४००
दिवे: ४०
लॅपटॉप: ६० वॅट, ३ तास = १८०
मोबाईल ३०, पंप १८
एकूण साधारण १२१०.

जुलै, बाहेर २२-२४ अंश: फ्रीज ३० टक्केच चालतो, म्हणजे ३६०. पंखा एकच, ओलावा बाहेर काढायला, ८ तास = १६०. दिवे लवकर लागतात, ६०. बाकी तेच. एकूण साधारण ८१०.

म्हणजे ऊन कमी होतं तेव्हा खर्चही कमी होतो. हे लक्षात न घेता लोक पॅनेल वाढवत बसतात.

बॅटरी: लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर. म्हणजे २५६० वॅट-तास, त्यातले ८५ टक्के वापरायचे धरले तर २१७५. सोलर ४०० वॅट. एप्रिलमध्ये पाच तासांचं पूर्ण ऊन आणि ३० टक्के नुकसान धरलं तर ४०० × ५ × ०.७ = १४००. खर्चापेक्षा जास्त. घाटमाथ्यावर जुलैत दीड तासाचंच ऊन धरा: ४२०. रोज ३९० कमी पडतात, म्हणजे भरलेली बॅटरी पाच दिवस पुरते. ऊन शून्य धरलं तरी अडीच दिवसांच्या वर जाते.

उरलेलं डीसी-डीसी चार्जरने भरायचं, म्हणजे चालत्या इंजिनच्या अल्टरनेटरची वीज आतल्या बॅटरीत. ३० अँपिअरचा घेतला तर इंजिन चालू असताना तासाला ४०० वॅट-तास. कोल्हापूर ते गगनबावडा दीड तास धरा: पोहोचेपर्यंत ६००. अल्टरनेटरच्या प्लेटवर जे अँपिअर लिहिलेत त्याच्या निम्म्यापेक्षा मोठा चार्जर लावू नका. आणि लिथियम बॅटरी साध्या रिलेने थेट अल्टरनेटरला जोडू नका. रिकामी असताना ती मिळेल तेवढा करंट ओढते. इंजिन कमी आरपीएमवर असलं की अल्टरनेटरच्या पंख्याला वारा नाही, आणि आतला रेक्टिफायर जळू शकतो.

इंडक्शन विसरा. १५०० वॅट, दिवसाला ४० मिनिटं म्हटलं तरी १००० वॅट-तास, म्हणजे जुलैचा सगळा खर्च दुपटीच्या वर. शिवाय १२ व्होल्टवर १५० अँपिअर ओढतं. मिक्सरसाठी १००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर पुरे.

पंचगंगा_काठ
घरच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या दोन लावल्या तर? निम्म्या पैशात होतं असं दोघांनी सांगितलं.

बारा_व्होल्ट
कागदावर होतं. दोन मिळून ३६०० वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे १८००. पण वजन ११० किलोच्या पुढे. तेवढीच लिथियम २५ किलोच्या आत येते. वरच्या पोस्टमधलं वजनाचं गणित इथे लागतं.

खरी अडचण पावसाळ्याची आहे. लेड-ॲसिड बॅटरी शेवटचे १५-२० टक्के फार हळू घेते, त्याला सलग काही तास ऊन लागतं. ते जुलैत मिळत नाही. आठवडेच्या आठवडे अर्धी भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि दिवाळीपर्यंत तिची ताकद उतरलेली असते. लिथियमला अर्धवट भरलेलं राहणं सोसतं. वर ट्युब्युलरमधून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिला झोपायच्या जागेपासून वेगळी, बाहेर हवा जाणारी पेटी लागते.

लिथियम घेताना बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) किती अँपिअरची आहे ते विचारा. १००० वॅटचा इन्व्हर्टर १०० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून बीएमएस १५० ची हवी. बॅटरी इंजिनच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका.

हिरवा_मीटर
सोलरचं माझ्याकडून. घराच्या छतावरचं ५४० वॅटचं पॅनेल स्वस्त पडतं, पण ते सव्वादोन मीटर लांब, एक मीटरच्या वर रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतं. छताच्या वळणावर त्याची काच ताणाखाली राहते. २०० वॅटची दोन बसवा.

पॅनेल आणि छत यात ४-५ सेंटीमीटर फट ठेवा. पॅनेल तापलं की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमी देतं. उन्हाळ्यात ६५ अंशांना गेलं तर १५ टक्के तिथेच गेले. पत्र्याला चिकटवलेलं लवचिक पॅनेल याच कारणाने दोन-तीन उन्हाळ्यांत डाग धरतं.

सीरिज की पॅरलल यावर वाद होतो. झाडाखाली उभं राहणार असाल तर पॅरलल: एकावर सावली आली तरी दुसरं काम करतं. उघड्या पठारावर सीरिज बरं, तार बारीक चालते आणि ढगाळ सकाळी एमपीपीटी (पॅनेलवरून बॅटरी भरणारा कंट्रोलर) लवकर जागा होतो. राधानगरी-आंबोलीसाठी मी पॅरलल म्हणेन. १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा एमपीपीटी दोन्हीला चालतो, म्हणजे नंतर मत बदललं तरी खर्च नाही.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट: आधी पॅनेल. बॅटरीशिवाय पॅनेल जोडलं की काही कंट्रोलर व्होल्टेज चुकीचं ओळखतात, काही जळतात.

उद्यमनगरी
छताला भोक पाडाय लागलं तर तेवढं सांगतो. ड्रिल केल्यावर कडेला नागडा पत्रा राहतोय, तिथं ब्रशनं इपॉक्सी प्रायमर लावून वाळू द्या, मगच सीलंट. रेड ऑक्साइड एकटं पुरत न्हाई, त्यातनं पाणी मुरतंय. आन् आंबूस वासाचं खिडकीवालं सिलिकॉन पत्र्यावर वापरू नका. त्यात ॲसिटिक ॲसिड असतंय, त्यानं पत्रा आतनं खातोय. पॉलियुरेथेन सीलंट घ्या, जागा घासून आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा आन् पूर्ण दिवस वाळू द्या. पावसाच्या हवेत वरनं लवकर कातडं धरतंय, आत वलंच असतंय.

बारा_व्होल्ट
वायरिंग, कारण कॅम्परला आग लागते ती इथे.

तारेची जाडी अंदाजाने नको. डीसी-डीसी चार्जर मागे बसवला तर पुढच्या बॅटरीपासून पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. १० स्क्वेअर एमएम तारेत ३० अँपिअरला अर्धा व्होल्ट पडतो, १६ मध्ये ०.३३. १६ घ्या. इन्व्हर्टरला २५ स्क्वेअर एमएम, लांबी दीड मीटरच्या आत.

प्रत्येक पॉझिटिव्ह तारेला फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज उपकरणाला नाही, तारेला वाचवतो. डीसी-डीसीच्या तारेला दोन्ही टोकांना ५० अँपिअर, कारण तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. लोक मागचा विसरतात. इन्व्हर्टरला १२५ अँपिअर. लिथियमचा शॉर्ट सर्किट करंट प्रचंड असतो, तिथे मुख्य फ्यूज क्लास टी प्रकारचा (फार मोठा करंट तोडू शकणारा) असावा. घरातली एसी एमसीबी डीसीला वापरू नका, डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही.

लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबा. हातोडीने चेपलेला किंवा नुसता झाळलेला लग गाडीच्या हादऱ्याने ढिला होतो, तापतो, काळा पडतो. निगेटिव्हलाही पूर्ण तार ओढा, चेसिसवर परतीचा भरवसा ठेवू नका. गंज धरला की प्रत्येक दिवा वेगळं वागायला लागतो.

हमखास येणारी तक्रार: 'रात्री फ्रीज बंद पडतो, पण बॅटरी १२.९ दाखवते.' नव्वद टक्के वेळा दोष सिगरेट लायटरच्या सॉकेटचा असतो. कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रीजच्या टोकाला मीटर लावा. तिथे ११.५ दिसलं तर फ्रीज स्वतःला वाचवतोय. सॉकेट काढा, ६ स्क्वेअर एमएमची वेगळी तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज द्या. आणि लिथियमची शिल्लक व्होल्टवरून बघू नका. ती ३० टक्क्यांना आणि ८० टक्क्यांना जवळपास सारखंच व्होल्टेज दाखवते. शंटवाला मीटर लावा, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजतो.

तांब्या_कळशी
पाण्याचं मी सांगते. दोन माणसांना पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय मिळून रोज ३० लिटर. आंघोळ बादलीने नाही, फवाऱ्याच्या बाटलीने धरली आहे. तीन दिवसांचे ९०, म्हणून १०० लिटर. ते १०० किलो आहे, तेव्हा टाकी दोन एक्सलच्या मध्ये आणि खाली. मागच्या टोकाला ठेवली तर घाटाच्या वळणावर गाडीचं शेपूट ओढल्यासारखं होतं.

एका मोठ्या टाकीपेक्षा २० लिटरचे फूड ग्रेड पाच कॅन मला बरे वाटतात. एकातलं पाणी खराब निघालं तर चार उरतात, आणि विहिरीवरून हाताने भरून आणता येतात. पंपाची नळी एका कॅनमधून दुसऱ्यात हलवायची, एवढंच.

नवीन टाकी आणि नळ्या वापरण्याआधी: ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, १०० लिटरला १०० मिली. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवा, चार तास तसंच ठेवा, मग दोनदा धुवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा. झरा किंवा विहिरीचं पाणी पिण्यासाठी भरलं तर १०० लिटरला ४ मिली, अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी सुती कापडातून गाळा, मातीत क्लोरीन वाया जातं. बाटली सहा महिन्यांहून जुनी असेल तर तिचा जोर कमी झालेला असतो.

पंप नळ बंद असतानाही दर दोन-चार मिनिटांनी 'टुर्र' करत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह धरत नाही. सतत चालतो पण पाणी नाही, तर गाळणीच्या रबरी रिंगमधून हवा ओढतोय. गाळणीशिवाय पंप बसवू नका, वाळूच्या एका कणाने आतला पडदा फाटतो.

सांडपाण्याला ४० लिटरचा कॅन. ते ओढ्यात सोडायचं नाही. खालच्या वस्तीचं पिण्याचं पाणी त्याच ओढ्याचं असतं.

संडास कोरडा ठेवायचा असेल तर लघवी वेगळी जाईल असं भांडं आणि वर लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट. आपल्याकडे गुऱ्हाळावर चिपाड फुकट मिळतं म्हणून ते वापरायचा मोह होतो. त्यात साखर राहिलेली असते, मुंग्या लागतात आणि ओलं झालं की आंबतं. भुसाच बरा.

पंचगंगा_काठ
ताई, गॅस मग आतच ठेवावा लागेल ना?

तांब्या_कळशी
आत, पण वेगळ्या पेटीत. ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. एक बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम खातो, म्हणजे रोज तासभर स्वयंपाकाला महिनाभर पुरतो. पेटीचं दार आतल्या बाजूने हवाबंद आणि तळाला थेट गाडीखाली उघडणारं भोक, निदान दोन इंची. एलपीजी हवेपेक्षा जड, ती खाली साचते. खिडकी उघडी असून उपयोग नसतो. त्या भोकाजवळ सायलेन्सर किंवा बॅटरी नको.

नळी सुरक्षा मार्कची, दीड मीटरच्या आत, पाच वर्षांनी बदलायची. प्लायमधून जाते तिथे रबरी ग्रोमेट, नाहीतर हादऱ्याने कापते. प्रवासात रेग्युलेटर बंद. जोडणी साबणाच्या फेसाने तपासा. गॅस डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला. थंडीत शेगडी पेटवून झोपू नका, निखारे विझत आले तरी विषारी वायू निघत राहतो.

करूळ_उतार
ओलावा कोणी धरला नाही म्हणून लिहितो. दोन माणसं रात्रभरात श्वासातून जवळपास अर्धा ते एक लिटर पाणी सोडतात. आंबोलीच्या हवेत ते वाळत नाही, पत्र्यावर धरतं. पत्र्याला १९ एमएमचं बंद पेशींचं नायट्राइल रबर चिकटवा, एसीच्या डक्टला वापरतात तेच. ग्लासवूल नको, ते ओलं झालं की पत्र्याला पोटीस बांधल्यासारखं धरून ठेवतं. गादीखाली पट्ट्यांची चौकट हवी, सलग प्लायवर गादी ठेवली तर खाली बुरशी येते. छताचा पंखा हवा बाहेर फेकेल असा आणि समोरच्या टोकाची खिडकी बोटभर उघडी.

गाडी उभी करताना: उसाच्या पट्ट्यातली काळी माती पावसात जड गाडीला टेकू देत नाही. संध्याकाळी घट्ट वाटलेली जागा सकाळी टायर गिळते. मुरूम किंवा जांभ्याच्या सड्यावर थांबा, तोंड रस्त्याकडे. दाजीपूर अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. बाकी ठिकाणी शेतमालकाला विचारून.

आणि तीन रात्रींचा हिशोब चारचा करा. मोठा पाऊस झाला की गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गही बंद झाला होता. निघण्याआधी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३५ च्या पुढे आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असेल तर जाऊच नका. पुराच्या पाण्यात गाडी घातलीच तर नंतर गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

घाट ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. भरलेला कॅम्पर सतत ब्रेकवर उतरवला की ब्रेक ऑइल उकळतं. ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाण्याने त्याचा उकळबिंदू खाली येतो. दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी.

उद्यमनगरी
मेंटेनन्स. पावसाळ्याआधी मे महिन्यात छतावर पाइपनं पाणी मारा, एकेक भाग धा मिनिटं, खालनं वर जात. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरनं सुरू केलं तर गळती कुठली ते कळत न्हाई. जॉइंट क्रॉस आन् स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीस दर ५००० किलोमीटरला, पाण्यातनं गाडी गेली तर लगेच. तारांच्या लगचे बोल्ट पहिल्या ५०० किलोमीटरनंतर एकदा आवळा, मग सहा महिन्यांनी. पावसाळा संपला की खालनं गाडी धुवा, आठवडाभर वाळू द्या, मग गंजाच्या जागा घासून प्रायमर.

पंचगंगा_काठ
नोव्हेंबरपासून दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवायची ना?

बारा_व्होल्ट
लिथियम नाही. ५०-६० टक्क्यांवर आणा, आधी पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेल तोडायचा स्विच) पाडा, मग मुख्य स्विच बंद करा, नाहीतर सोलर तिला रोज शंभरवर नेऊन ठेवेल. इंजिनची लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरलेली हवी, तिची निगेटिव्ह तार काढून ठेवा. फ्रीज पुसून दार काठी घालून उघडं. कॅन रिकामे, झाकणं सैल.